अंगठा का लागत नाही?

‘मशीन अंगठा घेत नाही, म्हणजे तुमचं आधार बंद पडलं असणार,’ असे स्वस्त धान्य दुकानात सर्रास सांगितले जाते आणि ते ऐकून म्हातारी माणसे दिवसाची मजुरी बुडवून आधार केंद्राच्या रांगेत उभी राहतात. बहुतेक वेळा आधार बंद पडलेले नसते आणि बोटांचे ठसे कायमचे पुसलेही गेलेले नसतात. काचेवर टेकलेले बोट आणि काही वर्षांपूर्वी नोंदवलेले बोट एकच आहे, असे म्हणण्याइतका पुरावा त्या क्षणी यंत्रणेला मिळालेला नसतो, एवढाच त्या नकाराचा अर्थ असतो. पुरावा का कमी पडतो, हे समजून घेतल्याशिवाय भारताच्या डिजिटल वाटचालीतील एक मोठा अडथळा नीट कळणार नाही.

या वाटचालीची एक महत्त्वाची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्यांच्याकडे ओळखीचा कोणताही कागद नाही, त्यांना ओळख मिळावी, हा त्यामागचा विचार होता आणि तो योग्यच होता. पुढे १ जुलै २०१५ रोजी ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रम सुरू झाला, २०१६ मध्ये आधार कायदा आला आणि रेशन, पेन्शन, रोजगार हमीची मजुरी असे एकेक लाभ बोटाच्या ठशाशी जोडले गेले.

दुकानातल्या ई-पॉस मशीनवर बोट ठेवले की ठशाची माहिती कूटबद्ध होऊन, आधार देणाऱ्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या मध्यवर्ती भांडारापर्यंत जाते. तिथे ती फक्त त्या एका आधार क्रमांकाच्या नोंदीशी ताडून पाहिली जाते आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर परत येते. नेटवर्क गेले तर उत्तरच येत नाही. उत्तर येऊनही ठसा जुळला नसेल, तर ३०० हा त्रुटी क्रमांक येतो. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. पहिलीवर मोबाइलचा मनोरा उभारणे, दुसरे सिम घालणे असे उपाय आहेत. दुसरीचे मूळ मात्र माणसाच्या कातडीत आणि प्रकाशाच्या नियमांत आहे.

ठसा टिपणाऱ्या अनेक यंत्रांमध्ये काचेचा एक छोटा लोलक असतो. दहावीच्या पुस्तकातले पूर्ण आंतरिक परावर्तन इथे कामाला येते. काचेतून हवेकडे जाणारा प्रकाश सुमारे ४२ अंशांच्या क्रांतिक कोनापेक्षा अधिक तिरपा असेल, तर तो बाहेर पडत नाही, पूर्णपणे आत परततो. लोलकातला प्रकाश मुद्दाम असा तिरपा सोडलेला असतो. बोट टेकवल्यावर त्वचेवरचे कंगोरे काचेला चिकटतात आणि त्यांच्यामधल्या खाचांत हवा राहते. खाचांपाशी काच आणि हवा यांची सीमा कायम असल्यामुळे प्रकाश परततो आणि कॅमेऱ्याला तिथे उजळ पट्टा दिसतो. कंगोऱ्यापाशी मात्र काचेला लागून त्वचा असते, तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, हवेपेक्षा बराच जास्त असल्यामुळे परावर्तन मोडते, प्रकाश त्वचेत शिरून विखुरतो आणि तिथे काळी रेघ उमटते. शाईचा थेंबही न लागता ठसा तयार होतो. भौतिकशास्त्राचा इतका सुंदर आणि इतका स्वस्त उपयोग क्वचितच पाहायला मिळतो.

पण हे सारे कंगोरा काचेला खरोखर टेकण्यावर अवलंबून आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते. बोट ओले असेल, तर खाचांत हवेऐवजी पाणी भरते. काच आणि पाणी यांच्यासाठी क्रांतिक कोन सुमारे ६२ अंश होतो. प्रकाश त्यापेक्षा कमी कोनात येत असेल, तर खाचांपाशीही परावर्तन मोडते आणि सगळा ठसा एकच काळा डाग होतो. बोट फार कोरडे असेल, तर उलट घडते. घामाचा आणि तेलकटपणाचा पातळ थर नसल्यामुळे कंगोरा सलग टेकत नाही, जागोजागी टेकतो, आणि एक अखंड रेघ तुटक ठिपक्यांची होते. उसाच्या फडात कोयता चालवणारे, वीटभट्टीवर राबणारे, सिमेंट आणि चुना कालवणारे यांच्या बोटांवरचे कंगोरे तर मुळातच घासून सपाट झालेले असतात. वय वाढले की त्वचेची लवचीकता कमी होते आणि कंगोऱ्यांची उंचीही घटते. कॅपेसिटाबीन या कर्करोगावरील औषधाने ठसे उमटेनासे झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे.

दिलासा देणारी गोष्ट अशी की कंगोऱ्यांचा आराखडा बाह्यत्वचेच्या खालच्या थरात ठरलेला असतो आणि तो गर्भावस्थेतच तयार होतो. वरची कातडी झिजली, तरी हाताला काही आठवडे विश्रांती मिळाल्यावर तीच नक्षी पुन्हा वर येते. विल्यम हर्षेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालमध्ये एका करारावर हाताचा ठसा घेतला आणि पुढे, या टिकाऊपणाच्या आधारावर, १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याच टिकाऊपणाचे भांडवल करून बोटांच्या ठशांवरून मुलांची बुद्धी आणि कल सांगणाऱ्या चाचण्या आज पालकांना भरमसाट पैशांत विकल्या जातात. त्यांना कसलाही शास्त्रीय आधार नाही. ठसा माणूस कोण आहे हे सांगू शकतो, तो काय होईल हे सांगू शकत नाही.

आता जुळणीकडे वळू. संगणक ठशाचे चित्र डोळ्यांनी पाहिल्यासारखे ताडत नाही. कंगोरा जिथे संपतो किंवा दुभंगतो, त्या प्रत्येक बिंदूचे स्थान आणि तिथली दिशा तो टिपून घेतो. चांगल्या ठशात असे काही डझन बिंदू मिळतात. कोरड्या बोटाच्या तुटक रेघेत मात्र प्रत्येक तुटलेली जागा संगणकाला ‘कंगोरा इथे संपला’ अशी वाटते, म्हणजे खरे बिंदू हरवतात आणि खोटे बिंदू वाढतात. मग दोन बिंदूसंचांमध्ये साम्य किती, याचा एक गुणांक काढला जातो, आणि तो ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर गेला तरच ‘हो’ मिळतो. उंबरठा खाली आणला, तर तोतयांना आत शिरणे सोपे जाते. वर नेला, तर खऱ्या माणसांनाच नकार वाढतात. एकाच प्रकारच्या ठशांवर आणि यंत्रांवर या दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर नेणारा उंबरठा असत नाही, कारण खऱ्या आणि परक्या ठशांच्या गुणांकांचे आलेख एकमेकांवर थोडे तरी चढलेले असतात. ‘शंभर टक्के अचूक’ अशा जाहिराती म्हणूनच दिशाभूल करणाऱ्या आहेत.

चुकांचे प्रमाण लहान नव्हते. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत प्रमाणीकरण, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, फसण्याचे अंदाज झारखंडसाठी ४९ टक्के, राजस्थानसाठी ३७ टक्के आणि गुजरातसाठी ६ टक्के असे दिले होते. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात सरकारी सेवांमधील यशाचे प्रमाण ८८ टक्के असल्याचे सांगितले.

सरासरीचे हे आकडे वाचताना एक गोष्ट निसटून जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. समजा, एका दुकानात शंभर कार्डधारकांपैकी दरमहा पाच जणांचा ठसा जुळत नाही. हे अपयश नाणेफेकीसारखे प्रत्येकाच्या वाट्याला आळीपाळीने आले असते, तर वीस महिन्यांत एखाद्या वेळी परत फिरावे लागणे फारसे जाचले नसते. प्रत्यक्षात कातडी कोरडी असलेली आजी या महिन्यात नाकारली गेली, तर पुढच्या महिन्यातही तीच नाकारली जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. ‘पुन्हा प्रयत्न करा’ या सूचनेचाही म्हणूनच मर्यादित उपयोग होतो, कारण एकाच बोटाचे लागोपाठचे प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. बोट पुसून किंवा किंचित ओलसर करून ठेवले, नोंदवलेल्या दहांपैकी सर्वांत चांगले उमटणारे बोट आधी शोधून घेतले, तर मात्र फरक पडतो, आणि तशी सोय यंत्रणेत आहे.

बुबुळांचा पर्याय चांगला आहे, पण त्याला वेगळा कॅमेरा लागतो आणि मोतीबिंदूच्या रुग्णांमध्ये अडचण येऊ शकते. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल हाताशी असावा लागतो, आणि तो कित्येकदा शहरात गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आता वाढते आहे, पण गुणांक आणि उंबरठा यांचे गणित तिथेही तेच आहे.

प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात ठसा न जुळल्यास अन्य मार्गाने ओळख पटवून आणि त्याची नोंद ठेवून धान्य द्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. हे करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. प्रत्येक नकार, त्याची वेळ आणि ३०० हा क्रमांक यंत्रणेत नोंदला जातोच. त्या नोंदींमधून लागोपाठ तीन महिने ठसा न जुळलेल्या कार्डधारकांची गावनिहाय यादी काढणे हे संगणकाला क्षणांचे काम आहे. ती यादी दर महिन्याला पुरवठा निरीक्षकाकडे गेली पाहिजे आणि यादीतल्या माणसाने दुकानात येण्याआधीच त्याच्यासाठी पर्यायी नोंद तयार असली पाहिजे.