मिशनरी म्हणून सहकुटुंब ब्रिटनला जाताना: व्हिसा कोणता, कागद कोणते

तिथल्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, पत्र येतं, इथल्या मंडळीत रविवारी प्रार्थना होते, आणि सोमवारी घरातले सगळे कागद पहिल्यांदाच एका टेबलावर येतात. चर्चच्या विवाह नोंदवहीत बाईंचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर पुन्हा माहेरचंच. थोरलीचं बाप्तिस्म्याचं नाव एक आणि शाळेतलं दुसरं. धाकट्याच्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना कोरा. आमच्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत थोड्याफार फरकाने हेच चित्र असतं. म्हणून माझा पहिला सल्ला हा, की पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, मनात पक्कं झालं त्याच आठवड्यात कागदही बघा. पत्राची वाट बघत थांबू नका.

ब्रिटनचं उदाहरण घेतलं, कारण तिथल्या नियमांत 'मिशनरी' हा शब्द उघडपणे आहे. जाण्याचा खरा हेतू लपवावा लागत नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं होतं. राहण्याची परवानगी मिळवण्यात त्यांचे कित्येक महिने गेले. त्यांच्यापासून सुरू झालेल्या मराठी मिशनचा पहिला अध्याय परवानगीच्या अर्जांचाच आहे. तेव्हा कागदपत्रांना सेवेतला अडथळा समजू नका, तो सेवेचाच भाग आहे.

धर्मसेवेसाठी दोन मुख्य वाटा आहेत. पहिली 'टी-टू मिनिस्टर ऑफ रिलिजन'. पाळक (पास्टर), मिशनरी आणि धार्मिक संघाचे सभासद यांच्यासाठी ती आहे. यात एका वेळी जास्तीत जास्त 3 वर्षं 1 महिना राहता येतं, मुदत वाढवता येते, आणि 5 वर्षांनंतर अटी पूर्ण असतील तर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. दुसरी 'रिलिजिअस वर्कर'. ही तात्पुरती, फार तर 24 महिन्यांची. तिच्यात इंग्रजीच्या परीक्षेची अट नाही, पण पाळकाचं काम करता येत नाही आणि ती कायम वास्तव्याकडे नेत नाही. उपदेश करायचा, मंडळी सांभाळायची, तर पहिलीच वाट धरा. दुसरी सोपी दिसते म्हणून तिच्यावर जायचं आणि तिथे पाळकाचं काम करायचं, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

अर्जाचा कणा म्हणजे 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप'. नाव सर्टिफिकेट असलं तरी तो भिंतीवर लावायचा कागद नाही. ती संगणकावरची नोंद असते आणि तुमच्या हाती येतो फक्त तिचा क्रमांक. तो देण्याचा अधिकार ब्रिटनच्या गृहखात्याकडून स्पॉन्सर लायसन्स घेतलेल्या संस्थेलाच आहे. अशा संस्थांची सरकारी यादी सर्वांसाठी खुली आहे. बोलावणाऱ्या मंडळीचं नाव तिच्यात आहे का, हे स्वतः पाहा. पाळकांचं प्रेमळ पत्र कितीही मनापासून लिहिलेलं असो, या क्रमांकाची जागा ते घेऊ शकत नाही. क्रमांक मिळाल्यावर तो 3 महिन्यांच्या आत वापरावा लागतो, आणि काम सुरू होण्याच्या तारखेआधी 3 महिन्यांहून जास्त लवकर अर्ज करता येत नाही.

या पहिल्या वाटेवर मुख्य अर्जदाराला इंग्रजी बी-टू, म्हणजे मध्यमाहून वरच्या, पातळीचं लागतं. 'आयेल्ट्स फॉर यूकेव्हीआय' ही ब्रिटनच्या व्हिसासाठीची इंग्रजीची परीक्षा दिली तर चारही भागांत किमान 5.5 हवेत. नाव नोंदवताना 'यूकेव्हीआय' हा शब्द नीट बघा, साधी आयेल्ट्स इथे चालत नाही. ईश्वरविज्ञानाची पदवी इंग्रजी माध्यमातून घेतली असेल तर ती 'एक्टिस' या परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून तपासून घेऊन परीक्षा टाळता येते. मराठी माध्यमातून शिकलेल्या सेवकांनी मात्र परीक्षेची तयारी आधी सुरू करावी. वाचन आणि ऐकणं जमतं, लिहिण्यात गुण जातात, असं मी वारंवार पाहिलं आहे.

पैशाचा हिशेब कुटुंबाने एकत्र बसून करावा. मुख्य अर्जदाराच्या खात्यात 1,270 पौंड, जोडीदारासाठी 285, पहिल्या मुलासाठी 315 आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी 200. म्हणजे दोन मुलांच्या कुटुंबाला 2,070 पौंड दाखवावे लागतात, तेही सलग 28 दिवस. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लायसन्सवर 'ए' दर्जा असलेल्या स्पॉन्सरने, म्हणजे बोलावणाऱ्या संस्थेने, सुरुवातीच्या खर्चाची हमी दिली तर ही शिल्लक दाखवावी लागत नाही, म्हणून आधी मंडळीला विचारा. खरा भार आरोग्य अधिभाराचा, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी भरायच्या रकमेचा आहे. 6 फेब्रुवारी 2024 पासून तो मोठ्यांना वर्षाला 1,035 पौंड आणि 18 वर्षांखालच्यांना 776 पौंड आहे. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 3,622 पौंड होतात, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांची रक्कम अर्जाबरोबरच भरायची असते. व्हिसाची फी याहून वेगळी. हा भार कोण उचलणार, इथली मंडळी की तिथली, ते लेखी ठरवून घ्या. विश्वासाने जाणं आणि हिशेब न करता जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पुन्हा टेबलावरच्या कागदांकडे. पासपोर्टवरचं नाव हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर घाईने बदलू नका. तो चालतो. लग्नाचा दाखला दोघांचं नातं सिद्ध करतो. चर्चमधलं लग्न 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली झालेलं असतं, त्यामुळे त्या नोंदीची पाळकांच्या सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत मिळवा. गावाकडच्या जुन्या नोंदवह्या मराठीत असतात. शाई फिकट, तारीख अर्धी पुसलेली. अशा कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडताना भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हे सगळं त्यावर हवं.

मुलांचा बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवा, पण जन्मदाखल्याच्या जागी तो देऊ नका. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या पासपोर्टसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. नावाचा रकाना कोरा असेल तर जिथे जन्म नोंदला त्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जाऊन नाव घालून घ्या. बाप्तिस्म्याचं आणि शाळेतलं नाव पूर्ण वेगळं असेल तर एकच नाव निवडा आणि गरज पडल्यास राजपत्रात नावबदल करा. लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो, त्याची मुदतही तपासा.

भारतातून 6 महिन्यांहून जास्त काळासाठी जाणाऱ्यांना क्षयरोग तपासणी लागते, तीही ब्रिटनने मान्य केलेल्या दवाखान्यातच. ते प्रमाणपत्र 6 महिने चालतं. मोठ्यांचा छातीचा एक्स-रे काढतात, 11 वर्षांखालच्या मुलांचा सहसा काढत नाहीत. मुलांमध्ये काम असेल तर मंडळी पोलीस दाखलाही मागू शकते. तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून 500 रुपयांत मिळतो.

अर्ज ऑनलाइन, प्रत्येकाचा वेगळा. मग व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो. त्यानंतर निर्णय साधारण 3 आठवड्यांत येतो.

एक कळकळीची सूचना. नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून काही जण थेट सुवार्तेला निघतात. नेपाळच्या राज्यघटनेचं कलम 26 दुसऱ्याचं धर्मांतर करण्यास मनाई करतं, तिथल्या फौजदारी संहितेत त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाची देशाबाहेर रवानगीही होते. जोखीम तुमच्या एकट्याची नसते, तिथल्या विश्वासणाऱ्यांचीही असते.

निघताना मुलांचे मूळ जन्मदाखले, शाळेचे दाखले आणि लसीकरणाची कार्डं हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगा वाटेत राहिल्या तरी शाळेच्या प्रवेशासाठी लागणारे कागद तुमच्यापाशी असतील.