साठ फुटांचं मैदान: विल्यमस्पोर्टच्या लिटल लीगची पार्श्वभूमी

दर ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ विल्यमस्पोर्ट नावाच्या लहानशा गावी जगभरातून मुलांचे बेसबॉल संघ येतात. दहा ते बारा वर्षांची ही मुलं. सामने टीव्हीवर दाखवतात आणि टेकडीच्या उतारावर हजारो माणसं बसून ते बघतात. लिटल लीग वर्ल्ड सिरीज ती हीच. एवढा पसारा पाहिला की वाटतं, यामागे सुरुवातीपासूनच मोठी संस्था आणि मोठा पैसा असणार. प्रत्यक्षात नदीपलीकडच्या विल्यमस्पोर्ट शहरातल्या तीन संघांच्या स्थानिक लीगमधून हे सगळं उभं राहिलं. त्या लीगची सगळी करामत मैदानाच्या मापात होती, म्हणून तिचा इतिहास मैदानांच्या अंगानेच सांगितलेला बरा.

विल्यमस्पोर्ट हे सस्क्वेहाना नदीच्या काठचं जुनं लाकूडबाजाराचं शहर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरांतले ओंडके नदीतून वाहत इथे यायचे आणि गिरण्यांत कापले जायचे. त्या धंद्यावर इथल्या कित्येक घराण्यांनी अमाप पैसा केला. जंगलं संपली, धंदा ओसरला, पण शहर टिकलं. १९२६ साली इथे बोमन फील्ड हे व्यावसायिक बेसबॉलचं मैदान तयार झालं. म्हणजे मोठ्यांचं बेसबॉल शहरात होतंच. लहान मुलांच्या वाट्याला मात्र मोकळ्या जागा आणि मोठ्या मुलांनी दिली तर खेळी, एवढंच होतं.

कार्ल स्टॉट्झ याच शहरातला, १९१० चा जन्म. ना खेळाडू म्हणून नाव, ना पैसा. १९३८ च्या उन्हाळ्यात तो अंगणात दोन भाच्यांबरोबर चेंडू झेलत-फेकत होता. चेंडू पकडायला धावताना लायलॅकच्या झुडपाच्या छाटलेल्या काटक्यांनी त्याचा घोटा खरवडला. तो पायरीवर बसला आणि आपलं लहानपण आठवू लागला. मोठी मुलं आपल्याला खेळायला घ्यायची नाहीत, घेतलं तरी बॅट जड आणि मैदान अवाढव्य. या मुलांसाठी त्यांच्या मापाचं मैदान, त्यांच्या मापाचं साहित्य, गणवेश, पंच, सगळं खऱ्या सामन्यासारखं असलं तर? लिटल लीगचा जन्म इथला, असं सांगतात.

मला या कथेतलं झुडूप तितकं मोलाचं वाटत नाही. त्यानंतर स्टॉट्झने जे केलं, ते अधिक मोलाचं आहे.

बेसबॉलमध्ये चार बेस मिळून एक चौकोन होतो. बॅटरने चेंडू मारला की पहिल्या बेसकडे पळायचं आणि क्षेत्ररक्षकाने चेंडू त्याच बेसवर फेकायचा. आधी कोण पोचतं, यावर धावबाद की सुरक्षित हे ठरतं. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमधलं अंतर ९० फूट असतं. या ९० फुटांवर खेळाचा सगळा तोल उभा आहे, कारण नीट झेललेला आणि नीट फेकलेला चेंडू धावणाऱ्याला जेमतेम गाठतो. दहा वर्षांच्या मुलाला त्याच मैदानावर उभं केलं की तो तोल बिघडतो. त्याचा चेंडू तिथवर पोचतच नाही, पोचला तरी धावणारा केव्हाच पुढे गेलेला असतो.

स्टॉट्झने आसपासची मुलं गोळा केली आणि बेसच्या जागी वर्तमानपत्रं ठेवली. एका मुलाला पळायला सांगायचं, दुसऱ्याला फेकायला. धावणारा फार सहज पोचला तर कागद लांब सरकवायचा, फार सहज बाद झाला तर जवळ आणायचा. असं करत करत त्याचं अंतर ६० फुटांवर येऊन थांबलं. मोठ्यांच्या मापाच्या बरोबर दोन-तृतीयांश. शास्त्र म्हणाल तर एवढंच, पण त्यात मुलांचा केवढा आदर आहे! मुलांना मोठ्यांच्या खेळात कसंबसं बसवण्याऐवजी या माणसाने खेळच त्यांच्या हातापायांच्या मापाने बेतला. लिटल लीगच्या मुख्य विभागात आजही बेसमधलं अंतर ६० फूटच आहे. पिचर (चेंडू टाकणारा) आणि होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) यांमधलं अंतर मात्र पुढे बदलत गेलं आणि ४६ फुटांवर स्थिरावलं.

माप ठरलं, पण पैसे कुठून आणायचे? स्टॉट्झ गावातल्या दुकानांचे आणि कंपन्यांचे उंबरठे झिजवू लागला. पन्नासहून जास्त ठिकाणी नकार मिळाला. तो काळ महामंदीचा, त्यामुळे नकार देणाऱ्यांना तरी काय बोल लावणार! अखेर लायकॉमिंग डेअरीने होकार दिला. पाठोपाठ लंडी लंबर ही लाकूड कंपनी आणि जंबो प्रेटझेल हे खाऱ्या बिस्किटांचे उत्पादक आले. ३० डॉलरच्या देणगीत तिन्ही संघांचे गणवेश झाले. प्रायोजकांचीच नावं संघांना मिळाली. दुधाचा संघ, लाकडाचा संघ आणि बिस्किटांचा संघ. तिन्ही संघ सांभाळायला स्टॉट्झबरोबर जॉर्ज आणि बर्ट बेबल हे भाऊ उभे राहिले.

पहिला सामना ६ जून १९३९ रोजी झाला. मैदान बोमन फील्डजवळचं पार्क पॉइंट. लंडी लंबरने लायकॉमिंग डेअरीला २३-८ असं हरवलं. आकडे बघूनच कळतं की झेल सुटत होते, फेकी भरकटत होत्या आणि मुलं मनसोक्त पळत होती. मोसमाअखेरीस मात्र लायकॉमिंग डेअरीनेच लंडीला मागे टाकून विजेतेपद मिळवलं.

लीगला कायमचं घर मिळालं ते १९४२ मध्ये, वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर, बोमन फील्डच्या समोरच्या बाजूला. आज ज्याला ‘ओरिजिनल फील्ड’ म्हणतात ते हे मैदान. मोठ्यांच्या स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर मुलांचं स्वतःचं स्टेडियम. गावकऱ्यांच्या श्रमांवर चालणाऱ्या लीगने पुढच्या वर्षांत या एवढ्याशा जागेवर काय काय पाहिलं, याला तोड नाही.

युद्धाच्या वर्षांत वाढ संथ होती. १९४६ पर्यंत १२ लीग झाल्या होत्या आणि त्या सगळ्या पेनसिल्व्हेनियातच. १९४७ साली न्यू जर्सीतल्या हॅमंटनमध्ये राज्याबाहेरची पहिली लीग निघाली आणि त्याच वर्षी स्टॉट्झने ओरिजिनल फील्डवर सगळ्या लीगसाठी एक स्पर्धा भरवली. ११ संघ आले. अंतिम सामन्यात विल्यमस्पोर्टच्याच मेनार्ड मिजेट्सनी लॉक हेवनला १६-७ असं हरवलं. पुढे जिला वर्ल्ड सिरीज हे नाव मिळालं, तिची ही पहिली खेप. नंतर वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून बातमी देशभर गेली. गावोगावचे लोक स्टॉट्झला पत्रं लिहून मैदानाची मापं मागू लागले. १९४९ मध्ये लीगची संख्या ३०० च्या वर गेली. पुढच्याच वर्षी पनामात अमेरिकेबाहेरची पहिली लीग सुरू झाली.

एवढा व्याप एका माणसाच्या घरून चालणं शक्यच नव्हतं. १९४८ पासून यूएस रबर ही कंपनी मोठी प्रायोजक म्हणून आली. पैसा आला, मुलांना बूट आले, कार्यालय आलं. १९५२ मध्ये पीटर मॅक्गव्हर्न संस्थेचे अध्यक्ष झाले. ते याच कंपनीतून आलेले. इथून स्टॉट्झ आणि संस्था यांचं फाटत गेलं. लीग गावाच्या आणि स्वयंसेवकांच्या हातात राहावी, हे त्याचं म्हणणं. कारभार एका केंद्रातून, कंपनीच्या पद्धतीने चालू लागला आणि देशपातळीवरच्या स्पर्धेचं महत्त्व फुगत गेलं, तसा तो अस्वस्थ झाला. १९५५ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९५६ मध्ये बाहेरच तडजोड झाली. ज्याने लिटल लीग सुरू केली, तोच तिच्यातून बाहेर पडला.

दोष कुणाला द्यायचा? माझं मन स्टॉट्झच्या बाजूने झुकतं. बारा वर्षांच्या मुलांच्या खेळावर कॅमेरे, प्रायोजक आणि विजेतेपदाचं ओझं चढलं की काय होतं, हे त्याने फार लवकर ओळखलं होतं. पण कंपनीचा पैसा आणि शिस्तशीर यंत्रणा नसती, तर हा खेळ पेनसिल्व्हेनियाच्या खोऱ्यांतून बाहेर इतक्या वेगाने पडला नसता, हेही मान्य करावं लागतं.

ज्या वर्षी हा वाद कोर्टात गेला, त्याच १९५५ च्या ऑगस्टमध्ये ओरिजिनल फील्डवर एक प्रसंग घडला. या मैदानाच्या इतिहासातला तो सगळ्यांत जड प्रसंग आहे. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये कॅनन स्ट्रीट वायएमसीएची कृष्णवर्णीय मुलांची लीग होती. तिच्या निवडक संघाने स्पर्धेत नाव नोंदवलं, तशी राज्यातल्या गोऱ्या मुलांच्या सगळ्या, म्हणजे ६१ लीगनी अंग काढून घेतलं. वर्णावरून वेगळी स्पर्धा भरवायला लिटल लीगने नकार दिला, हे तिच्या बाजूने नोंदवायलाच हवं. प्रतिस्पर्धीच न उरल्याने कॅनन स्ट्रीटचा संघ राज्यविजेता ठरला. मग नियम आडवा आला. सामना न खेळता विजयी ठरलेल्या संघाला पुढच्या फेरीत प्रवेश नाही! समजूत काढल्यासारखं त्या मुलांना पाहुणे म्हणून विल्यमस्पोर्टला बोलावण्यात आलं. ती आली. अंतिम सामन्याआधी त्यांना मैदानावर थोडा वेळ सराव करू दिला. ती चेंडू झेलत होती, फेकत होती आणि प्रेक्षकांतून आरडाओरडा सुरू झाला, ‘खेळू द्या त्यांना! खेळू द्या!’ सराव संपला आणि मुलं प्रेक्षकांत जाऊन बसली. सामना दुसऱ्या संघांचा झाला. मुलांच्या मापाने बेतलेल्या मैदानावर मुलांनाच खेळता आलं नाही. नियमाकडे बोट दाखवून ही गोष्ट झाकता येणार नाही. अंग काढून घेतलेल्या गोऱ्या लीगनी पुढे दक्षिणेत स्वतःची वेगळी संघटना काढली.

दोनच वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५७ रोजी, याच मैदानाने आनंदाची परिसीमा पाहिली. मेक्सिकोतल्या मॉन्टेरे शहरातली मुलं सीमेवरचा पूल पायी ओलांडून टेक्सासमध्ये आली होती. व्हिसा फक्त थोड्या दिवसांचा, जिंकले तर पुढे, नाहीतर घरी. ती जिंकत गेली आणि अंतिम सामन्यात कॅलिफोर्नियाच्या ला मेसा संघासमोर उभी राहिली. समोरची मुलं चांगली धिप्पाड, ही अंगाने लहान. मॉन्टेरेच्या बारा वर्षांच्या आंखेल मासियासने सहाही इनिंग पिचिंग केलं. १८ बॅटर आले, १८ बाद झाले, एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. बेसबॉलमध्ये याला परफेक्ट गेम म्हणतात. वर्ल्ड सिरीजच्या अंतिम सामन्यात तो साधणारा मासियास आजवर एकटाच आहे. मॉन्टेरे ४-० ने जिंकलं आणि अमेरिकेबाहेरच्या संघाला पहिल्यांदा विजेतेपद मिळालं.

१९५९ मध्ये वर्ल्ड सिरीज नदी ओलांडून साउथ विल्यमस्पोर्टमध्ये गेली. तिथे टेकडीच्या पायथ्याशी नवं स्टेडियम उभं राहिलं. त्याला विल्यमस्पोर्टच्या ‘ग्रिट’ या साप्ताहिकाच्या हॉवर्ड लॅमडी यांचं नाव दिलं. मागच्या उतारामुळे खुर्च्यांची गरजच पडत नाही. लोक गवतावर बसतात, लहान मुलं पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन घसरगुंडी करतात आणि प्रवेशाला तिकीट लागत नाही. १९९२ मध्ये दिवे लागले. पण मुलांचे फटके लांब जाऊ लागले, तेव्हा मापाचा प्रश्न पुन्हा उभा राहणारच होता. २००६ मध्ये कुंपण २०५ फुटांवरून २२५ फुटांवर मागे नेलं. त्याआधी, २००१ साली, स्पर्धेतले संघ ८ वरून १६ झाले होते. एक मैदान पुरेना, म्हणून शेजारी व्हॉलंटियर स्टेडियम बांधलं. २०२२ पासून २० संघ खेळतात.

जुन्या मैदानाचं काय झालं? स्टॉट्झची मूळ लीग लिटल लीगच्या छत्राबाहेर, स्वतंत्रपणे चालू राहिली आणि ओरिजिनल फील्डवर तिचे सामने होत राहिले. १९९२ मध्ये स्टॉट्झचं निधन झालं. आज त्या मैदानाला त्याचं नाव आहे.

मुलींची गोष्ट या सगळ्याला समांतर चालते. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगची कॅथरिन जॉन्स्टन केस लपवून, ‘टबी’ हे टोपणनाव घेऊन संघात शिरली आणि खेळली. त्यानंतर मुलींना मनाई करणारा नियम आला. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकनची मारिया पेपे तीन सामने खेळली. लीगची मान्यता काढून घेण्याची धमकी आली आणि तिला बसवण्यात आलं. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे गेलं. १९७३ मध्ये सुनावणी अधिकारी सिल्विया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निकाल दिला आणि १९७४ मध्ये लिटल लीगने दार उघडलं. तोवर पेपेचं वय उलटून गेलं होतं. १९८४ मध्ये बेल्जियमच्या संघातून व्हिक्टोरिया रोश वर्ल्ड सिरीज खेळणारी पहिली मुलगी ठरली. २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता सामना जिंकून दिला. वर्ल्ड सिरीजमध्ये असं करणारी ती पहिली मुलगी.

बोमन फील्डही कामातून गेलं नाही. २०१७ पासून वर्ल्ड सिरीजच्या दिवसांत तिथे मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचा, एक सामना भरवू लागले. पहिल्या वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स आणि सेंट लुइस कार्डिनल्स आले. बैठका जेमतेम अडीच हजारांच्या आसपास, आणि त्यांतल्या बहुतेक लिटल लीगच्या मुलांना व त्यांच्या घरच्यांना दिल्या गेल्या.