सेरामाइडचं कोडं: बैलाचा मेंदू, काळी ज्वारी आणि क्रीमची ट्यूब

मेडिकलमध्ये कोरड्या त्वचेचं क्रीम मागितलं की हल्ली ट्यूबवर ‘सेरामाइडयुक्त’ असं ठळक छापलेलं दिसतं. काही प्रयोगशाळा हाच शब्द रक्ताच्या रिपोर्टवरही छापतात. तिथे मात्र आकडा वाढला की हृदयाची काळजी सुरू होते. एकीकडे पैसे देऊन अंगाला चोळायचं आणि दुसरीकडे वाढलं म्हणून धास्तावायचं, असा हा पदार्थ आहे तरी काय? (चिनीमातीच्या सेरामिकशी त्याचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.)

योहान लुडविग विल्हेल्म थुडिकुम हा जर्मन डॉक्टर १८५३ मध्ये लंडनला आला. पटकी, टायफस अशा रोगांत मेंदूच्या रसायनात काय बिघडतं, हे त्याला शोधायचं होतं. पण मुळात धडधाकट मेंदूत काय काय असतं, हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मग बैलांचे आणि माणसांचे मेंदू घेऊन, अल्कोहोलच्या मदतीने त्यातला एकेक घटक वेगळा काढायचं काम त्याने वर्षानुवर्षं केलं. एक पदार्थ काही केल्या ओळखीच्या कुठल्याच खान्यात बसेना. ग्रीक पुराणातली स्फिंक्स वाटसरूंना कोडी घालायची. तिच्यावरून त्याने १८८४ च्या ग्रंथात त्याला ‘स्फिंगोसिन’ हे नाव दिलं. मेंदूत ‘प्रोटॅगॉन’ नावाचं एकच मोठं संयुग असतं असं मानणाऱ्या मातब्बरांनी त्याचं काम उडवून लावलं. पुढे प्रोटॅगॉन हे नुसतं मिश्रण निघालं, पण १९०१ मध्ये थुडिकुम वारला होता. हा माणूस नाकाचे आजारही बघायचा आणि वाइन व स्वयंपाकावरही लिहायचा. अशा चौफेर माणसाला तज्ज्ञांच्या पंगतीत पान मिळणं तेव्हाही अवघडच होतं.

स्फिंगोसिनची नेमकी रचना १९४७ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट कार्टर यांनी मांडली. या स्फिंगोसिनला एक मेदाम्ल जोडलं की झालं सेरामाइड. त्याच्या डोक्यावर साखर बसली की सेरेब्रोसाइड, फॉस्फोकोलिन नावाचा तुकडा बसला की स्फिंगोमायलिन.

डॉक्टरांची गाठ मात्र त्याच्याशी आधीच पडली होती. पॅरिसमध्ये फिलिप गोशे यांनी १८८२ मध्ये फुगलेल्या प्लीहेचा एक रुग्ण नोंदवला आणि ती कर्करोगाची गाठ असावी असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात या आजारात सेरामाइडवरची साखर काढणारं विकर (एन्झाइम) कमी असतं, हे रॉस्को ब्रॅडी यांनी १९६५ मध्ये दाखवलं. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९५० च्या दशकात वर्णन केलेला बाळांमधला आजार त्याहून थेट आहे: सांधे सुजलेले, कातडीखाली गाठी आणि रडताना घोगरा आवाज. या बाळांच्या पेशींत सेरामाइड तोडणारं विकरच नीट काम करत नाही, त्यामुळे ते साचत जातं. हे कळायला १९७२ उजाडलं.

तरीही पाठ्यपुस्तकांत सेरामाइड म्हणजे पेशीच्या आवरणाचा माल, एवढंच. ते चित्र बदललं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. युसुफ हन्नून यांच्या गटाला १९८९ मध्ये दिसलं, की रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींना ‘ड’ जीवनसत्त्व दिलं की स्फिंगोमायलिन तुटतं आणि सेरामाइड वाढतं. १९९३ मध्ये लीना ओबेद, हन्नून आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सेरामाइड मिळालेल्या पेशी ठरल्या पद्धतीने स्वतःला संपवतात. ज्याला माल समजत होते, तो निरोप निघाला.

याच सुमाराला दुसरा धागा आला तो बुरशीतून. मक्यावरच्या फ्युझेरियम बुरशीतून दक्षिण आफ्रिकेत १९८८ मध्ये फ्युमोनिसिन हे विष वेगळं काढण्यात आलं. बुरसलेला मका खाऊन घोडे भेलकांडत, मेंदूतला पांढरा भाग मऊ पडून मरत. त्यामागे हेच विष होतं. आणि १९९१ मध्ये त्याची युक्ती उघड झाली. फ्युमोनिसिन दिसायला स्फिंगोसिनच्या घराण्यातलंच. त्यामुळे सेरामाइड जुळवणारं विकर फसतं आणि ठप्प होतं. जुळणी अडली की कच्चा माल पेशीत साठतो, तोही विषारी. थुडिकुमने मेंदूतच शोधलेलं कोडं असं पुन्हा मेंदूपाशीच येऊन ठेपलं.

आपल्याकडे १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या गावांत पोटात कळा, गुडगुड आणि जुलाब यांची साथ आली. पाहणी झालेल्या ५० पैकी २७ गावांत. काढणीच्या वेळी पावसात सापडलेली ज्वारी काळी पडते, तिला बाजारात कोण विचारतो? तीच दळून घरात भाकरी होते. बाधित घरांतल्या ज्वारी-मक्याच्या नमुन्यांत फ्युमोनिसिन सापडलं, आणि तेच धान्य एक दिवसाच्या कोंबड्याच्या पिलांना घातल्यावर त्यांनाही जुलाब झाले. त्या कळा नेमक्या सेरामाइड अडल्यानेच आल्या, असा दावा मी करणार नाही. पण या रेणूच्या इतिहासात आपली भाकरी आहे, आणि मराठीत हे कुणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं.

उंदरांवरच्या प्रयोगांत सेरामाइड इन्सुलिनचा संदेश अडवताना दिसलं आणि त्याची निर्मिती रोखल्यावर इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला. तिथून मधुमेहाचे आणि हृदयाचे अभ्यासक याकडे वळले. त्वचेची बाजू उलटी. तिच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या आणि मेद गिलाव्यासारखे असतात, असं पीटर एलिआस यांनी मांडलं. त्या गिलाव्यात वजनाने निम्म्याच्या आसपास सेरामाइडच. अॅटोपिक डर्मटायटिसच्या, म्हणजे खाज आणि कोरडेपणाच्या इसबात ते कमी पडतं, हे जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं. ट्यूबवरचा शब्द येतो तो इथून.

मग चांगलं की वाईट? उत्तर बरंचसं शेपटीत आहे. सेरामाइडला जोडलेलं मेदाम्ल किती लांब, यावर त्याचं काम ठरतं. सस्तन प्राण्यांत सेरामाइड जुळवणारी सहा विकरं आहेत आणि प्रत्येकाची लांबीची आवड वेगळी. त्वचेतल्या काही सेरामाइडांची शेपटी ३० कार्बनांच्या पुढे जाते. पाणी अडवायला तीच लागते. रक्ताच्या रिपोर्टवर धोक्याच्या बाजूला १६ आणि १८ कार्बनवाली असतात, शिवाय २४ कार्बनांचं, एक दुहेरी बंध असलेलं. त्यांच्या आकड्यांना भागायचं असतं ते २४ कार्बनांच्याच, पण दुहेरी बंध नसलेल्या सेरामाइडने.