साठीनंतरची गाडी: जुनी साइड व्हील स्कूटर घेताना काय पाहावं

“गाडी सोडवत नाही, पण आता सांभाळवतही नाही.” इंदूरमध्ये आमच्याकडे येणारे काका-काकू बहुतेकदा इथूनच सुरुवात करतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, नाहीतर सिग्नलला पाय टेकवताना एकदा तोल गेलेला असतो. मुलं पुण्याला किंवा परदेशात. भाजीला, नाथ मंदिरात, बँकेत पेन्शनच्या कामाला दर वेळी रिक्षा शोधायचा कंटाळा येतो. शिवाय मनात एक उज्जैन, एक ओंकारेश्वर, एक महेश्वर शिल्लक असतं. अशा वेळी कुणाची तरी वापरलेली, बाजूला जादा चाकं बसवून तयार असलेली गाडी स्वस्तात मिळत असेल तर ती घ्यावीशी वाटणारच. जरूर घ्या, पण आधी हे पत्रक निवांत वाचा. आम्ही जुन्या गाड्या तपासून देतो, साइड व्हील बसवतो, दुरुस्त करतो. इथे लिहिलेलं बरंचसं आम्ही गाडीखाली आडवं पडून पाहिलेलं आहे.

तीनचाकी म्हणजे नेमकी कोणती?

बोलताना सगळ्यांनाच तीनचाकी म्हणतात, पण प्रकार वेगवेगळे आहेत. सगळ्यात जास्त दिसते ती साइड व्हीलची स्कूटर. हिचं मागचं मूळ चाक जागेवरच असतं आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटं चाक लावलेलं असतं, म्हणजे मोजायला गेलं तर चार चाकं. दुसऱ्या प्रकारात मागचं चाक काढून आडव्या अ‍ॅक्सलवर दोन चाकं बसवतात. ही खरी तीनचाकी. तिसरी जुन्या माणसांच्या आवडीची, साइडकारवाली.

अमेरिकेत मुलाकडे राहून आलेले काही जण मोबाइलवर फोटो दाखवतात. पुढे दोन चाकं असलेली कॅन-अ‍ॅम स्पायडर 2007 साली आली, मागे दोन चाकं असलेली हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड 2009च्या मॉडेलपासून. लांबच्या प्रवासासाठीच घडवलेल्या, देखण्या गाड्या आहेत. पण तीन वर्षांहून जुनं वाहन आपल्याकडे आयात करता येत नाही, आणि त्याहून नवं आणायचं तर कस्टम ड्यूटी भरताना घाम फुटतो. तेव्हा आपण इथे मिळणाऱ्या गाडीबद्दलच बोलू.

वळणावरची गोष्ट

हा भाग दोनदा वाचा. तिसरं-चौथं चाक लावलं की गाडी पडत नाही, असं बहुतेकांना वाटतं. उभी असताना आणि हळू चालताना ते खरं आहे. वळणावर मात्र हिशेब उलटा होतो. दुचाकी वळताना आपण आपसूक आत झुकतो आणि गाडीही आपल्यासोबत झुकते. साइड व्हीलची गाडी झुकत नाही. ती वळणाच्या बाहेर ढकलली जाते आणि वेग जास्त असेल तर आतल्या बाजूचं चाक उचललं जातं. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, हँडल मोटारीच्या स्टिअरिंगसारखं वळवायचं आणि गाडी झुकत नसली तरी आपण कमरेतून आत झुकायचं. चाळीस वर्षं दुचाकी चालवलेल्या माणसाला हे नव्याने शिकावं लागतं. कधीच गाडी न चालवलेल्या काकू ते लवकर शिकतात, हे आम्ही अनेकदा पाहिलंय.

साइडकारची तऱ्हा आणखी निराळी. आपल्याकडे ती डाव्या हाताला असते. रेस दिली की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक लावला की उजवीकडे. डावीकडे वळताना रिकामी साइडकार हवेत उचलली जाऊ शकते. आधीपासून हात बसलेला नसेल तर साठीनंतर साइडकार नव्याने सुरू करू नका, असंच आम्ही सांगतो.

दुसरी सवय पायाची. सिग्नलला थांबताना पाय आपोआप खाली जातो. मागे चाक पसरलेलं असताना हा पाय चाकाखाली येऊ शकतो. आमच्या एका ग्राहकाची चप्पल अशीच चाकाखाली दबली, पाय थोडक्यात वाचला. पाय फुटबोर्डवरच ठेवायची सवय लागेपर्यंत रस्त्यावर येऊ नका.

गाडीखाली काय पाहायचं

रंग पाहू नका, खाली वाका. वाकवत नसेल तर मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढा आणि बसून बघा. साइड व्हीलचं ब्रॅकेट चेसिसला बोल्टने कसलंय की थेट वेल्डिंग केलंय? आम्हाला बोल्टचं बरं वाटतं, कारण ते काढून तपासता येतं. वेल्डिंग असेल तर जोडाच्या कडेने नखाने खरवडत जा. गेल्या वर्षी एक आजोबा चकचकीत रंगवलेली स्कूटर घेऊन आले. नखाने रंग सुटला तर खाली केसासारखी बारीक रेष, आणि तिच्यात तांबूस गंज. जोड निम्मा तुटलेला होता आणि विकणाऱ्याने त्यावर नुसता रंग फिरवला होता. ती गाडी दोन महिने आजोबा आणि आजी दोघंही वापरत होते.

मग शॉकअप. साइड व्हीलना स्वतःचे शॉकअप नसतील तर एक धोका आहे. खड्ड्यात दोन्ही छोटी चाकं कडांवर टेकतात आणि मधलं मुख्य चाक अधांतरी राहतं. इंजिनची ताकद त्याच चाकाला, मागचा ब्रेकही त्यालाच. चाक नुसतं गरगर फिरतं, आणि मागचा ब्रेक दाबला तर काहीच होत नाही. तपासायला सोपं आहे: एका साइड व्हीलखाली जाड फळी सरकवा. शॉकअप दबला आणि मधलं चाक जमिनीवर टेकूनच राहिलं तर ठीक. नंतर दुसऱ्या बाजूला तेच करा.

मागे अ‍ॅक्सल असेल तर डिफरन्शिअल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, आहे का विचारा. इंजिन बंद, गाडी गियरमध्ये, मागची बाजू उचललेली, अशा स्थितीत एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेने फिरलं तर डिफरन्शिअल आहे. चाक हललंच नाही तर अ‍ॅक्सल सलग आहे. अशी गाडी अरुंद गल्लीत वळताना सरळच जायला बघते आणि टायर लवकर खाते.

बाकीचं थोडक्यात. इंजिन हात लावून गार असल्याची खात्री करा, मगच सुरू करायला सांगा. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. टायरवर चार आकडे असतात. 3619 म्हणजे 2019च्या छत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. चारही टायरचे आकडे वाचा. चाक धरून आडवं हलवा, खडखडलं तर बेअरिंग गेलंय. पार्किंग ब्रेक हवाच: गियरलेस स्कूटर गियरमध्ये टाकून उभी करता येत नाही, आणि चार चाकांवरची गाडी उतारावर आपली आपण चालू लागते.

कागद

मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेतला बदल आरसीवर नोंदवलेला असावा लागतो. साइड व्हील लावलेली गाडी आणि आरसीवर साधी दुचाकी असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. ही नोंद नसेल तर ती करून देण्याची अट घालूनच भाव ठरवा.

मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30. विक्री झाल्यापासून विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपलं इंदूरचं, म्हणजे एमपी-09चं, काम नायता मुंडल्याला होतं. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, त्याच्याकडेच राहतो. पुण्याहून भावाची किंवा मेहुण्याची गाडी आणणार असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, गाडी निघण्याआधी हातात घ्या आणि इथला टॅक्स हिशेबात धरा. गाडी 15 वर्षांची झाली असेल तर आरसीचं नूतनीकरण झालंय का तेही बघा. ते पाच-पाच वर्षांचं असतं.

तुमचं लायसन्सही काढून बघा. पंचावन्न वर्षांनंतर ते पाच वर्षांसाठीच मिळतं आणि डॉक्टरचा फॉर्म 1अ लागतो. मुदत संपून एक वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

तुमचं शरीर, तुमचा रस्ता

मोतीबिंदू झालाय का, समोरचा दिवा रात्री डोळ्यांत पसरतो का, हे डॉक्टरांना विचारा. ब्लड प्रेशरच्या किंवा झोपेच्या गोळीनंतर चक्कर येत असेल तर तेही सांगा. मान मागे वळत नसेल तर दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावून घ्या. खर्च थोडा, उपयोग रोजचा. बोटं दुखत असतील तर ब्रेकचा लिव्हर जवळ आणता येतो. हेल्मेट हलकं घ्या, पण घ्याच.

पहिली सहल उज्जैनची करा. पंचावन्न किलोमीटर, रस्ता बराचसा सपाट, वाटेत थांबायला जागा भरपूर. ओंकारेश्वरच्या वाटेवर सिमरोलचा घाट आहे, महेश्वरच्या वाटेवर मानपूर सोडल्यावर भेरू घाट. घाट उतरताना गियरलेस स्कूटरचं इंजिन गाडीला फारसं अडवत नाही. वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. साइड व्हीलच्या वजनाने तो आणखी वाढतो. सलग दाबून ठेवलेला ड्रम ब्रेक तापतो आणि धरेनासा होतो. थोडं दाबा, थोडं सोडा, मध्ये थांबून गार होऊ द्या, मागून ट्रक आला तर त्याला वाट द्या. पावसाळ्यात हे दोन्ही घाट टाळा. आमच्या मते पहिले सहा महिने भेरू घाट नकोच. महेश्वरला बसने जा, अहिल्याबाईंच्या घाटावर निवांत बसा, गाडी पुढच्या वर्षी न्या.

गाडी ठरवण्याआधी आम्हाला दाखवा. येताना आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स आणा, आणि मागे बसणारी व्यक्तीही आणा, कारण तिचं वजन गाडीवर असताना शॉकअप वेगळा वागतो. घेतलेल्या गाडीवर हात बसावा म्हणून आमचा माणूस सकाळी दशहरा मैदानावर सोबत येतो. आधी सरळ रेषेत थांबणं, मग मोठा गोल, मग लहान गोल, आणि सगळ्यात शेवटी मागे कुणाला तरी बसवून तेच पुन्हा. दोघांनाही भीती वाटेनाशी होईपर्यंत आम्ही येत राहतो.