एक नाव की दोन? घरातल्या वाय-फायच्या तक्रारीमागचा इतिहास

ठाणे-नवी मुंबईत ‘वाय-फाय चालत नाही’ या तक्रारीचा अर्थ आता इंटरनेट बंद आहे असा क्वचितच असतो. हॉलमध्ये सिनेमा व्यवस्थित चालतो, स्पीड टेस्टचा आकडाही प्लॅनइतका येतो. तरी बेडरूममधला स्मार्ट बल्ब ‘ऑफलाइन’, गीझरचा प्लग मधूनच गायब आणि दारावरच्या कॅमेऱ्याचं नुसतं चक्र फिरतंय. कंपनीचा माणूस येतो, स्पीड टेस्ट करून दाखवतो, तक्रार बंद करून जातो. गोम बहुतेकदा यात असते, की राउटर वाय-फायचं एकच नाव दाखवतो की दोन.

जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा बँड भारतात बिनपरवाना झाला. (बँड म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा; घरातलं वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतं.) त्या काळी २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे, केबलवाल्याची वायर गच्चीवरून खिडकीत यायची आणि राउटरला जोडायला घरात फार तर एक लॅपटॉप असायचा. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, घराबाहेरच्या वापरासह मोकळा झाला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये.

दरम्यान २०१४ च्या सुमारास एक अतिशय स्वस्त वाय-फाय चिप बाजारात आली आणि बल्ब, प्लग, स्विच सगळ्यांत जाऊन बसली. तिला फक्त २.४ कळतं. वर्षाला लाखोंनी विकल्या जाणाऱ्या बल्बमध्ये दुसरा रेडिओ कोण घालणार? पुढे २०१९-२० मध्ये फायबर घरोघर आलं, पाठोपाठ लॉकडाऊन. फायबरचा आणि वाय-फायचा डबा एकच झाला. तो बसला दाराशी, चपलांच्या कपाटावर, कारण डक्टमधून वायर तिथेच आत येते.

या काळातला खरा वादाचा निर्णय सेटिंगमधल्या एका टिकमार्कचा होता. आधी राउटर दोन बँडची दोन नावं दाखवायचा. २.४ चं साधं, ५ च्या नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं. (मोबाईलच्या ५जीशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण तो गोंधळ अजून मिटलेला नाही.) लोक सवयीने साध्या नावाला जोडायचे. २.४ वर साध्या फोनची लिंकच मुळात ७२ एमबीपीएसची, त्यातून हाती येणार तीस-चाळीस. मग ‘शंभरचे पैसे घेता, तीस देता’ म्हणून फोन. यावर कंपन्यांनी आणि राउटर बनवणाऱ्यांनी तोडगा काढला: दोन्ही बँडना एकच नाव द्यायचं आणि कोणी कुठे जायचं ते राउटर बघेल. फोन ५ वर गेले, आकडे सुधारले, तक्रारी आटल्या. ग्राहकाचं डोकं वाचलं हे खरंच. पण सोय मुख्यतः कोणाची झाली, तेही उघड आहे.

अडचण बल्बची झाली. जुन्या पद्धतीच्या पेअरिंगमध्ये, म्हणजे पहिल्यांदा वाय-फायला जोडताना, बल्ब भराभर लुकलुकत असतो, तेव्हा तो हवेतली पाकिटं (डेटाचे तुकडे) ऐकत असतो. फोन वाय-फायचं नाव आणि पासवर्ड त्या पाकिटांच्या लांबीत दडवून पाठवतो. फोन ५ वर असेल तर २.४ वर कान लावलेल्या बल्बला काहीच ऐकू येत नाही. अ‍ॅप सांगतं ‘२.४ ला जोडा’, आणि फोनवर नाव एकच! मग घोडबंदर रोडच्या टॉवरांतून एक जुगाड रूढ झाला. बल्ब लुकलुकत ठेवायचा, फोन घेऊन दाराबाहेर लिफ्टपर्यंत चालत जायचं, ५ चा सिग्नल संपून फोन आपोआप २.४ वर उतरला की तिथूनच बटण दाबायचं.

‘राउटर बघेल’ हेही अर्धसत्यच. कोणत्या बँडवर जायचं हे शेवटी उपकरण ठरवतं. राउटर फार तर सुचवतो, नाहीतर काही वेळ उत्तर द्यायचं टाळतो. त्यामुळे नावं वेगळी ठेवा, हा वायरमनपासून गेमरपर्यंत सगळ्यांचा जुना सल्ला अजूनही बरोबर आहे. त्याने हवेतली गर्दी वाढत नाही, कारण प्रत्येक बँडवर नाव एकच राहतं. गर्दी वाढते ती गेस्टचं आणि स्मार्ट उपकरणांचं अशी तिसरी-चौथी नावं काढल्यावर. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची दवंडी पिटतं, आणि २.४ वर ती बहुधा सर्वांत संथ वेगात असते. एका नावाला चॅनेलचा (बँडमधल्या एका लेनचा) साधारण दोन टक्के वेळ लागतो. टॉवरमध्ये एकाच चॅनेलवर शेजारपाजारची वीस नावं असली तर कोणी काही डाउनलोड करण्याआधीच चाळीसेक टक्के वेळ गेलेला असतो. एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. भारतात १३ पर्यंत मुभा आहे, पण अमेरिकेच्या सेटिंगवर आलेल्या प्लगला १३ दिसतच नाही.

भिंतींचाही वाटा आहे. वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींत खोल्यांमधल्या भिंती विटांच्या. नव्या मिवान (साच्यात भिंती ओतायच्या) बांधकामात त्याच जागी सळ्यांसकट काँक्रीट. त्यातून ५ लवकर मरतं, म्हणून आतल्या खोलीतला फोन २.४ वर येतो आणि बल्बच्याच रांगेत उभा राहतो.

२०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या स्मार्ट उपकरणांच्या मानकात पहिली जोडणी ब्लूटूथवरून होते, त्यामुळे नव्या बल्बांपुरती लिफ्टपर्यंतची पायपीट संपली. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झ या तिसऱ्या बँडच्या खालच्या भागासाठी नियमांचा मसुदा निघाला. त्या बँडला डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा सक्तीची आहे, आणि जुन्या बल्बला ती कळत नाही. तिन्ही बँडना एकच नाव देणारे राउटर ती सुरक्षा सगळीकडे लावू लागले, की जुना बल्ब पासवर्ड बरोबर असूनही बाहेरच राहतो. स्पीड टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही.