मलावीच्या माशांचे शेजारी

ठाण्यातल्या किंवा वाशी-नेरुळच्या ॲक्वेरियमच्या दुकानात ‘मलावी मिक्स’ची टाकी पाहिली की डोळे निवतात. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, दीड-दोन इंचांचे मासे एकत्र भिरभिरत असतात आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. पण ही सगळी पिल्लं असतात. ती वयात आली की नरांना स्वतःची जागा हवी होते. मग घरच्या टँकमध्ये एक-दोन दांडगे मासे उरतात, आणि बाकीचे फाटक्या परांनी हीटरमागे दडून बसतात. निवडताना रंग पाहिलेले असतात, राहणी पाहायची राहून जाते.

‘मलावी मिक्स’मधले हे मासे सिक्लिड घराण्यातले, आणि ते घराणं आपल्याला तसं परकं नाही. गळाला लागणारी चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. खाडीतला कालुंदर तर आपल्याकडचाच सिक्लिड. टँकसाठी विकले जाणारे आफ्रिकन सिक्लिड मात्र बहुतांशी पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले असतात. जवळजवळ ७०० मीटर खोल असलेल्या या एका सरोवरात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. इतक्या जाती एकत्र नांदू शकल्या, कारण प्रत्येकीने पोट भरायची आपली रीत शोधली. म्बुना म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड, ते खडकांवरचं शेवाळ खरवडून खातात. पीकॉक नावाचा सिक्लिड वाळूच्या अगदी वर तरंगत थांबतो आणि डोक्यावरच्या संवेदी छिद्रांनी वाळूतल्या किड्यांची हालचाल टिपतो. लिव्हिंगस्टोनी नावाचा एक शिकारी तर मेल्यासारखा तळाशी पडून राहतो आणि टोचायला आलेल्या लहान माशालाच गिळतो!

त्यामुळे पहिली चाळणी खाण्याची लावावी. शेवाळ पचवायला वेळ लागतो, म्हणून म्बुनांचं आतडं लांब असतं. पीकॉकसाठी टाकलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, म्बुनाही अधाशासारखे खातात. पोट फुगणं, खाणं सोडणं, पांढरी तार पडल्यासारखी विष्ठा आणि मग मृत्यू, अशा ‘मलावी ब्लोट’मागे असं प्रथिनांनी जड खाणं हे एक मोठं कारण मानलं जातं. म्बुना ठेवायचे तर म्बुनाच ठेवा आणि स्पिरुलिना या शेवाळाचं खाद्य द्या. पीकॉकसाठी वेगळा टँक करावा असं माझं ठाम मत आहे. शांत पीकॉकला म्बुनांच्या धसमुसळेपणात रंगही धड चढत नाही.

दुसरी चाळणी दिसण्याची, आणि इथे आपला अंदाज हमखास चुकतो. सारखे दिसणारे मासे गुण्यागोविंदाने राहतील असं वाटतं. नराच्या लेखी मात्र आपल्यासारखा दिसणारा तो प्रतिस्पर्धी. माद्या आणि जागा दोन्ही हिरावून घेणारा. व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिडवरच्या प्रयोगांतही नर स्वतःच्या रंगाच्या नरावर जास्त तुटून पडताना दिसले आहेत. सरोवरात हरलेला मासा लांब पळून जातो, चार फुटांच्या टँकमध्ये पळणार कुठे? म्हणून शेजारी निवडताना खाणं जुळावं आणि रूप जुळू नये.

काही म्बुनांचंच उदाहरण घ्या. डेमासोनी निळा, काळ्या पट्ट्यांचा. सौलोसीचा नरही तसाच, त्यामुळे हे दोघे एकत्र नकोत. शिवाय सौलोसीची मादी पिवळी, म्हणजे येलो लॅबशीही गोंधळ. त्यापेक्षा येलो लॅब, जांभळट तपकिरी रस्टी आणि डेमासोनी हे त्रिकूट बरं. पहिल्या दोघांत एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. डेमासोनी आपसांतच फार भांडतात, म्हणून ते एकदम डझनभर घ्यावेत, म्हणजे मार एकाच्याच वाट्याला येत नाही. ऑराटस आणि केनयी मात्र चार फुटी टँकमध्ये नकोतच. केनयीचं निळं पिल्लू पाहून आपण घेतो, तो नर निघाला तर मोठेपणी पिवळा होतो आणि येलो लॅबच्या मागे लागतो.

रंगाचं महत्त्व माद्यांनाही तितकंच. गढूळ होत चाललेल्या व्हिक्टोरिया सरोवरात माद्यांना नरांचे रंग ओळखू येईनासे झाले आणि जातींमधला भेद पुसट होऊ लागला, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. टँकमध्ये स्वजातीचा नर नसला की मादी दुसऱ्याशीही जुळवून घेते. अंडी सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते आणि संकरित पिल्लं सोडते. अशी पिल्लं शुद्ध जातीची म्हणून कुणाला देऊ नयेत.

पाण्याचंही पाहायला हवं. मलावीचं पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण ७.७ ते ८.८. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं. ते पावसाचं, काळ्या कातळावरून वाहत आलेलं, म्हणून मृदू, म्हणजे चुना कमी असलेलं. ठाण्यातही नळाला असंच मृदू पाणी येतं. फिल्टरमध्ये कोरलचे तुकडे किंवा धुतलेले शिंपले ठेवले की त्यांतला चुना हळूहळू विरघळतो आणि पीएच टिकतो. बोअरवेलचं पाणी असेल तर आधी तपासून घ्यावं. मात्र पीएच वाढला की माशांच्या मलमूत्रातला अमोनिया जास्त विषारी होतो. २५ अंशांना पीएच ७ असताना त्याचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, ८.५ ला सुमारे १५ टक्के. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहूनही अधिक. भांडणं विभागावीत म्हणून म्बुनांची गर्दी करतात ते ठीक, पण त्या गर्दीला पेलणारा फिल्टर आणि दर आठवड्याला पाणीबदल हवाच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही आधी काढायला हवं.

मासे सोडताना रस्टी आणि येलो लॅब आधी सोडावेत, डेमासोनी सगळ्यात शेवटी. आधीच्यांनी जागा वाटून घेतल्या असतील तर नवे मासे सोडायच्या दिवशी दगडांची रचना बदलून टाकावी. जुन्या हद्दी मोडतात आणि नव्यांना कपार शोधायला वेळ मिळतो.