ऑफेन्सिव्ह लाइनमनची जडणघडण (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याच्या पुढच्या फळीत उभ्या राहणाऱ्या पाच खेळाडूंना ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल अशी त्यांची मांडणी असते. सेंटर पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूकडे, देतो. त्याच क्षणी पाचही जण अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना थोपवतात, नाहीतर चेंडू घेऊन धावणाऱ्या सहकाऱ्याला वाट काढून देतात. पुढे फेकलेला पास त्यांना सहसा झेलता येत नाही, त्यामुळे गुणांच्या तक्त्यात त्यांचे नाव क्वचितच येते. कबड्डीतल्या साखळीसारखेच हे काम आहे. एकाचा हात सुटला, तर उरलेल्या चौघांची मेहनत वाया जाते. मैदानावरच्या सगळ्या जागांमध्ये ही जागा तयार व्हायला फार वेळ लागतो, आणि तरुण लाइनमनच्या वाटचालीतले बरेचसे प्रसंग यातूनच समजतात.

शाळकरी वयात यांतले अनेकजण लाइनमन नसतातच. उंच, हलक्या पायांचा मुलगा आधी टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा खेळाडू) म्हणून किंवा बचावात खेळतो. शरीर भरू लागले की प्रशिक्षक त्याला आत सरकवतात. मिनेसोटाचा जो ऑल्ट शाळेत टाइट एंड होता. नोत्र दाम विद्यापीठात पहिल्याच हंगामात, २०२१ मध्ये, तो डावा टॅकल झाला आणि २०२४ मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडले. त्याचे वडील जॉन ऑल्ट हेही कॅन्सस सिटीचे टॅकल होते. मात्र इतक्या लवकर जम बसणे हा अपवाद समजावा. बहुतेकांची विद्यापीठातली पहिली दोन वर्षे व्यायामशाळेत, भोजनगृहात आणि राखीव फळीत जातात. अठरा वर्षांच्या मुलासमोर बाविशीतला, पूर्ण वाढलेला बचावपटू उभा असतो, तेव्हा नुसते वजन पुरत नाही. कंबरेची आणि पायांची ताकद लागते, आणि ती सावकाशच येते. म्हणूनच पहिल्या वर्षी खेळाडूला सामन्यांपासून दूर ठेवून त्याच्या खेळण्याच्या पात्रतेचे एक वर्ष राखून ठेवण्याची ‘रेडशर्ट’ पद्धत या जागेसाठी सर्वांत उपयोगी ठरली. चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष राखता येईल, अशी मुभा २०१८ च्या नियमाने दिली.

त्याच वर्षी आलेल्या ट्रान्सफर पोर्टलमुळे विद्यापीठ बदलणे सोपे झाले, तर जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि प्रतिमा वापरू देऊन कमाई करता येऊ लागली. पैसा मिळू लागला हे योग्यच झाले. पण एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली तीन-चार वर्षे घडण्याची जुनी रीत त्यामुळे मोडत चालली आहे, आणि लाइनमनच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही.

शाळा संपल्यानंतर तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, उतरता येत नाही. त्याआधी इंडियानापोलिसला होणाऱ्या चाचणी शिबिरात चाळीस यार्डांची धाव, २२५ पौंड (सुमारे १०२ किलो) वजनाचे बेंच प्रेस आणि हातांची लांबी मोजली जाते. हात आखूड असलेल्या टॅकलला बहुधा गार्ड व्हायचा सल्ला मिळतो. नोत्र दामचा टॅकल झॅक मार्टिन २०१४ मध्ये डॅलसकडे गेला, गार्ड झाला आणि नऊ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवडला गेला. सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये निवड होणे म्हणजे चार वर्षांचा करार. ज्यांना कोणी निवडत नाही, त्यांनाही सराव पथकातून वर येता येते. जेसन पीटर्स अर्कान्सा विद्यापीठात टाइट एंड होता आणि २००४ मध्ये त्याला कोणीच निवडले नाही. पुढे तो आपल्या पिढीतल्या सर्वोत्तम टॅकलपैकी एक ठरला. शिष्यवृत्तीशिवाय सिनसिनाटी विद्यापीठात आलेला, तिथे लाइनबॅकरचा (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू) लाइनमन झालेला जेसन केल्सी २०११ मध्ये १९१ वा निवडला गेला आणि फिलाडेल्फिया ईगल्ससाठी तेरा हंगाम सेंटर म्हणून खेळला.

जॉर्डन मायलाटाची गोष्ट या सर्वांहून वेगळी आहे. सिडनीत वाढलेला, सामोअन वंशाचा हा मुलगा रग्बी लीग खेळायचा. सहा फूट आठ इंच उंची आणि दीडशे किलोहून अधिक वजन त्या खेळात अडचणीचेच होते. एनएफएलच्या परदेशी खेळाडूंसाठीच्या उपक्रमातून तो फ्लोरिडाला आला. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८ मध्ये सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर, ईगल्सने त्याला घेतले. पहिले दोन हंगाम तो एकाही अधिकृत सामन्यात उतरला नाही. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याला उभे राहण्यापासून शिकवले: पहिले पाऊल मागे कसे टाकायचे, हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर नेमके कधी आणि कुठे टेकवायचे, कंबर किती वाकवायची. २०२१ मध्ये पहिल्या फेरीतल्या आंद्रे डिलार्डला मागे टाकून त्याने डाव्या टॅकलची जागा मिळवली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघात तो होता. इतका धीर फार थोडे संघ धरतात. शिवाय लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारानंतर पूर्ण पॅड घालून होणारे सराव खूप कमी झाले. शरीरांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते, पण नवख्या लाइनमनला खरी टक्कर शिकायची संधीही त्यामुळे घटली.

या कामाची किंमत शरीर मोजते. पिट्सबर्गचे सेंटर माइक वेब्स्टर २००२ मध्ये पन्नाशीत वारले. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांच्या मेंदूत सीटीई हा, डोक्याला वारंवार मार बसल्याने मेंदू झिजत जाण्याचा, विकार शोधला, आणि वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचा प्रश्न लीगला टाळता येईनासा झाला. वाढवलेले वजन हाही निवृत्तीनंतरचा धोकाच असतो. क्लीव्हलँडसाठी सलग १०,३६३ डाव खेळलेल्या जो थॉमसने निवृत्तीनंतर ते बरेच उतरवले. जॉन अर्शेल बाल्टिमोरकडून तीन हंगाम खेळून २०१७ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी बाहेर पडला आणि २०२१ मध्ये एमआयटीतून गणितात डॉक्टरेट मिळवली. कॅन्सस सिटीचा गार्ड लॉरें दुवर्ने-टार्डिफ हा मॅकगिल विद्यापीठाचा वैद्यकीय पदवीधर. २०२० चा हंगाम सोडून तो कोविडच्या साथीत क्वेबेकमधल्या वृद्ध रुग्णांच्या सेवेला गेला आणि त्यानंतर पुन्हा लीगमध्ये खेळला.